पाच शहरं, नऊ देणगीदार आणि एक व्हायोला

दिवस पहिला, व्हिएन्ना

आधी थोडं सांगते म्हणजे पुढचं लक्षात येईल. मी एका सिंफनी ऑर्केस्ट्रात फंडरेझिंगचं काम करते, म्हणजे स्टेजवर माझं काही नसतं, स्टेजवर जे बसतात त्यांचा पगार वेळेवर व्हावा म्हणून लोकांकडे पैसे मागायचे, ते टिकवायचे, त्यांचा हिशोब द्यायचा, हे माझं काम. अधूनमधून आम्ही मोठ्या देणगीदारांना घेऊन एक ट्रिप काढतो, सगळे आपापल्या खर्चाने येतात, आणि ऑर्केस्ट्रातला एक वादक सोबत असतो म्हणजे प्रश्नांना खरी उत्तरं मिळतात. या वेळी नऊ देणगीदार, मी, आणि आमच्या व्हायोला सेक्शनमध्ये (व्हायोला म्हणजे व्हायोलिनपेक्षा जरा मोठं, खालच्या सुराचं वाद्य) शेवटच्या डेस्कवर, म्हणजे सगळ्यात मागच्या जागेवर, बसणारी ताई. व्हिएन्ना, लाइपझिग, बर्लिन, हॅम्बर्ग, अ‍ॅम्स्टरडॅम, सगळा प्रवास ट्रेनने, सात दिवस.

निघताना मॅडमनी, म्हणजे माझ्या बॉसनी, एकच सांगितलं होतं की खुर्च्यांचं बोलणं पुढे ने. खुर्ची म्हणजे एका वादकाच्या जागेसाठी कायमची ठेव, मूळ रकमेला हात लावायचा नाही, तिच्या उत्पन्नातून त्या खुर्चीवर जो कोणी बसेल त्याच्या पगाराचा वाटा निघतो, आज जो बसतो त्याच्या, पन्नास वर्षांनी जो बसेल त्याच्याही. कल्पना सगळ्यांना आवडते. कॉन्सर्टमास्टरची, म्हणजे पहिल्या व्हायोलिनवाल्याची, खुर्ची लगेच जाते, पहिला चेलो जातो, पहिली फ्लूट पण जाते. व्हायोलाच्या शेवटच्या डेस्कला कोणी विचारत नाही. आणि व्हायोला काय करते हे ती नसते तेव्हाच कळतं, वरचे सूर असतात, खालचे असतात, पण मधला भराव निघून गेल्यासारखं सगळं पोकळ वाटायला लागतं.

दुपारी म्युझिकफेराइन बघितलं. १८७० च्या जानेवारीत उघडलेली इमारत, जमीन सम्राट फ्रान्झ योसेफने दिलेली, आर्किटेक्ट थिओफिल हान्सेन. सोनेरी हॉलचे फोटो सगळ्यांनी बघितलेले असतात, पण आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती ही की हॉल अरुंद आहे, साधारण ४९ मीटर लांब आणि १९ मीटर रुंद, उंच आणि चिंचोळा, बुटांच्या खोक्यासारखा, आणि आवाज दोन्ही बाजूच्या भिंतींवरून लगेच परत येतो. गाइडने टाळी वाजवून दाखवली. ताईने नुसतं हळू आवाजात "अं" केलं आणि तो स्वर जणू कोणीतरी हातात धरून ठेवला.

मला मात्र इमारतीपेक्षा ती उभी करणाऱ्या संस्थेत जास्त रस होता. म्युझिकफ्रॉइंड म्हणजे संगीताचे मित्र, त्यांची ही संस्था १८१२ ची, आणि तिचा उगम एका धर्मादाय कॉन्सर्टमध्ये आहे. राजवाड्यातल्या हिवाळी घोडेस्वारीच्या शाळेत संगीतकार हँडलची एक मोठी रचना झाली, सहाशेच्या आसपास लोक गायला-वाजवायला होते, त्यातले बरेचसे हौशी, आणि त्या उत्साहातून ही संस्था निघाली. म्हणजे आधी लोक जमले, मग मदत झाली, मग संस्था, आणि इमारत तर तब्बल ५८ वर्षांनी. आमच्याकडे लोक नेहमी इमारतीपासून सुरुवात करायला बघतात त्यामुळे हे मी सगळ्यांना दोनदा सांगितलं.

संध्याकाळी कॉन्सर्ट. काही जणांची बसायची तिकिटं होती, ताई आणि मी मागे उभं राहायच्या जागेत होतो. या हॉलमध्ये सतराशेच्या वर खुर्च्या आहेत आणि शिवाय साधारण तीनशे जणांना उभं राहून ऐकता येतं. शेजारी एक मुलगा स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचं लिहिलेलं संगीत, उघडून उभा होता, दोन तास पानं उलटत होता, एकदाही टेकला नाही. आमच्या ग्रुपमधल्या डॉक्टर काकू इंटरव्हलला मागे आल्या आणि म्हणाल्या, "मला पण इथंच उभं राहायचंय." वय पंच्याहत्तरच्या पुढे. मी नको म्हणत होते, त्यांनी ऐकलं नाही, कठड्याला रेलून पूर्ण दुसरा भाग उभ्याने ऐकला.

दिवस दुसरा, व्हिएन्ना

आजचा दिवस माझ्यासाठी सगळ्यात मोठा होता. सकाळी पॅले लोब्कोविट्झला गेलो, आता तिथे थिएटर म्युझियम आहे. वरच्या मजल्यावर एक दालन आहे, एरोइका हॉल म्हणतात त्याला. १८०४ मध्ये प्रिन्स लोब्कोविट्झने स्वतःच्या पदरच्या ऑर्केस्ट्राकडून बेटहोव्हनची तिसरी सिंफनी इथे वाजवून घेतली, जगाने ऐकण्याच्या आधी. दालन काही फार मोठं नाही. एवढ्या जागेत ती सिंफनी म्हणजे पहिले दोन धक्के ऐकणाऱ्यांच्या छातीवरच बसले असणार.

तिथे उभं राहून मी सगळ्यांना १८०९ च्या कराराची गोष्ट सांगितली, कारण आमच्या धंद्यातली यापेक्षा शिकवणारी गोष्ट मला माहीत नाही. बेटहोव्हनला कासेलच्या दरबारात नोकरी चालून आली होती, नेपोलियनचा भाऊ जेरोम तिथला राजा होता. बेटहोव्हन व्हिएन्ना सोडतोय म्हटल्यावर तीन जण पुढे आले. आर्चड्यूक रुडॉल्फ, प्रिन्स लोब्कोविट्झ आणि प्रिन्स किन्स्की. तिघांनी मिळून वर्षाला ४००० गुल्डन (तिथलं तेव्हाचं चलन) द्यायचं लेखी कबूल केलं, रुडॉल्फ १५००, लोब्कोविट्झ ७००, किन्स्की १८००. अट काय, तर व्हिएन्नात किंवा सम्राटाच्या मुलखातल्या दुसऱ्या एखाद्या शहरात राहायचं. एवढंच. वर्षाला इतक्या सिंफनी दे, त्यावर माझं नाव घाल, असलं काही नाही. ज्याला पोटाची काळजी नाही तोच एका कामाला पूर्ण वाहून घेऊ शकतो असं त्यांनी करारातच म्हटलंय. आमच्या भाषेत याला अनरिस्ट्रिक्टेड म्हणतात, कशासाठीही वापरा असे पैसे, आणि ते मिळवणं सगळ्यात अवघड. नवीन रचनेसाठी द्यायला लोक तयार असतात, परदेश दौऱ्यासाठी तयार असतात, पण स्ट्रिंग्ज, पार्ट्सचं, म्हणजे प्रत्येक वादकासमोरच्या छापील संगीताचं, भाडं, वाद्यांचा इन्शुरन्स, लायब्ररीत बसून प्रत्येक पार्टवर गज कुठे वर, कुठे खाली न्यायचा याच्या खुणा करणाऱ्या माणसाचा पगार, यासाठी द्या म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो.

पुढे काय झालं ते पण सांगितलं. १८११ मध्ये सरकारने चलनाचं मूल्य पाडलं, कागदी गुल्डन पाचपट स्वस्त झाला. ठरलेली रक्कम तीच पण तिची किंमत गेली. रुडॉल्फने फरक भरून द्यायचं मान्य केलं. लोब्कोविट्झ स्वतःच कर्जात बुडाला होता, त्याचे पैसे काही वर्षं थांबले. किन्स्कीने पूर्ण मूल्याने देतो असं तोंडी सांगितलं, आणि ते कागदावर यायच्या आधीच १८१२ च्या नोव्हेंबरमध्ये घोड्यावरून पडून गेला. त्याच्या वारसांकडून हक्काचे पैसे मिळवायला बेटहोव्हनला १८१५ पर्यंत भांडावं लागलं.

हे सांगताना माझा आवाज जरा अडकला. मागच्या वर्षी माझ्याच हातून हेच झालं होतं. एका जुन्या देणगीदारांनी फोनवर मोठ्या रकमेचा शब्द दिला, फार प्रेमाने दिला, मी आनंदात बजेटमध्ये धरून टाकला आणि प्लेज फॉर्म, म्हणजे देणगीचं लेखी वचन, पुढच्या भेटीत भरून घेऊ म्हटलं. पुढची भेट झालीच नाही. घरच्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं आणि त्या दुःखात त्यांच्यापुढे हा विषय काढायचा मला धीर झाला नाही, काढायला नकोच होता. आम्हाला त्या सीझनमध्ये दोन कॉन्सर्ट कमी करावे लागले. फ्रीलान्स वादकांचे ते दोन आठवड्यांचे पैसे होते आणि ते माझ्या एका न भरलेल्या कागदामुळे गेले. म्हणून आता मी शब्द मिळाला की त्याच दिवशी दोन ओळींचं पत्र पाठवते, कितीही जवळचा माणूस असला तरी. त्यात अविश्वास नसतो, तो शब्द टिकावा म्हणूनच ते पत्र असतं.

संध्याकाळी जुन्या युनिव्हर्सिटीच्या चौकात थोडा वेळ थांबलो, आता तिथे सायन्स अ‍ॅकॅडमी आहे. याच इमारतीच्या हॉलमध्ये ८ डिसेंबर १८१३ ला सातवी सिंफनी पहिल्यांदा वाजली, आणि ती होती जखमी सैनिकांच्या मदतीसाठीची कॉन्सर्ट. व्हिएन्नातले नावाजलेले संगीतकार त्या दिवशी मदत म्हणून ऑर्केस्ट्रात बसले होते, दुसरी मूव्हमेंट, म्हणजे सिंफनीचा दुसरा भाग, लोकांनी परत वाजवायला लावली. ताई म्हणाली त्या मूव्हमेंटच्या धुनेची सुरुवात व्हायोला आणि चेलो-बासचीच आहे, व्हायोलिन नंतर येतात. आणि चौकातच तिने ती लय गुणगुणली, लांब, आखूड आखूड, लांब लांब. काकूंनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं.

दिवस तिसरा, ट्रेन आणि लाइपझिग

जवळपास अख्खा दिवस ट्रेनमध्ये, मधे एकदा गाडी बदलून. प्रवासात सरांनी मला गाठलं. सर म्हणजे कारखानदार, आमचे सगळ्यात मोठे देणगीदार होऊ शकतील असे, आणि फार स्पष्ट बोलणारे. त्यांचा प्रश्न, "कारखाना दर वर्षी थोडा कमी खर्चात जास्त माल काढतो. तुमचा ऑर्केस्ट्रा का नाही?"

हा प्रश्न मला आवडतो कारण याचं खरं उत्तर आहे. १९६६ मध्ये विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी ते मांडलं. बाकी उद्योगांत यंत्रं येतात, एक माणूस पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त काम करतो, त्यामुळे पगार वाढले तरी परवडतं. पण बेटहोव्हनची पाचवी सिंफनी १८०८ मध्ये जितकी माणसं लागून अर्ध्या तासात व्हायची तितकीच माणसं आणि तितकाच वेळ आजही लागतो. ती पंधरा मिनिटांत उरकता येत नाही आणि निम्म्या माणसांत तर येतच नाही. वादकाला मात्र आजच्या जगात राहायचंय, आजचं भाडं भरायचंय, त्याचा पगार बाकीच्यांबरोबर वाढायलाच हवा. म्हणून तिकिटांचे पैसे आणि खर्च यांच्यातली दरी आळसामुळे किंवा वाईट मॅनेजमेंटमुळे पडलेली नसते, ती या कलेच्या स्वभावातच आहे. दर वर्षी कोणीतरी ती भरायची असते, कुठे सरकार भरतं, कुठे शहर, कुठे माणसं. सर बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे हे कधी संपणार नाही." मी म्हटलं, "नाही सर, संपणार नाही." खोटं आश्वासन द्यायचं नाही हे मी खूप आधी ठरवलंय. फक्त या वर्षी द्या, मग आम्ही स्वतःच्या पायावर उभे राहू, असं कधीकधी म्हणावंसं वाटतं, पण ते खरं नाही.

दिवस चौथा, लाइपझिग

गेवांडहाउस. ही तिसरी इमारत, १९८१ ची, आधीची बॉम्बहल्ल्यात गेली. पण ऑर्केस्ट्राची गोष्ट १७४३ पासून सुरू होते, आणि ती गोष्ट या ट्रिपचा कणा होती म्हणून मी मुद्दाम ताईला सांगायला लावली. लाइपझिगमध्ये राजदरबार नव्हता, व्यापाऱ्यांचं शहर. तिथल्या सोळा जणांनी, काही उमराव काही व्यापारी, एकत्र येऊन कॉन्सर्ट सुरू केल्या. सोळा माणसं, सोळा वादक, प्रत्येकाने एकेकाचा खर्च उचलला. पुढे १७८१ मध्ये कापड व्यापाऱ्यांच्या इमारतीत हॉल मिळाला आणि त्या इमारतीचं नाव, गेवांडहाउस म्हणजे कापडाचं घर, ऑर्केस्ट्राला कायमचं चिकटलं. आजच्या हॉलमध्ये ऑर्गनवर सेनेका या रोमन तत्त्वज्ञाचं लॅटिन वचन आहे, अर्थ साधारण असा की खरा आनंद ही गंभीर गोष्ट आहे. मी ते वाचून थोडा वेळ तिथेच उभी राहिले, कारण आमच्या कामात आनंद आनंद म्हणून सगळं विकायची सवय लागते.

ताईने गोष्ट संपवली तशा काकूंनी तिला सरळ विचारलं, "तुझ्या खुर्चीचे पैसे कोण देतं गं?"

ताई म्हणाली, "कुणी एक नाही काकू. सगळ्या डब्यांतलं थोडं थोडं."

"आणि कमी पडले तर?"

"मागच्या वर्षी दोन आठवडे कमी पडले होते."

माझ्याकडे तेव्हा कोणी बघितलं नाही. मला बोलायची फार इच्छा होती, खुर्चीच्या ठेवीचा कागद बॅगेतच होता, पण माझ्या पहिल्या सीनियरनी शिकवलेलं की प्रश्न देणगीदाराच्या मनात उगवला असेल तर त्याच्यावर पाणी ओतायची घाई करायची नाही. गप्प राहिले. फार कठीण गेलं.

दुपारी मेंडेलसोहनच्या घरी. १८३५ पासून तो इथला कपेलमाइस्टर, म्हणजे ऑर्केस्ट्राचा प्रमुख, होता, १८४७ मध्ये याच घरात वारला, आता म्युझियम आहे. संगीतकार म्हणून त्याला सगळे ओळखतात, पण तो किती पक्का निधी उभारणारा होता हे सांगायला मला नेहमी आवडतं. संगीतकार बाखचं स्मारक व्हावं म्हणून त्याने ६ ऑगस्ट १८४० ला थॉमस चर्चमध्ये एकट्याने पूर्ण ऑर्गन कॉन्सर्ट दिली, त्यासाठी आठ दिवस इतका सराव केला की नीट उभं राहता येईना आणि रस्त्याने चालताना पण पाय ऑर्गनची पॅसेज वाजवत होते असं त्याने आईला कळवलंय. पुढच्या वर्षी त्याच स्मारकासाठी बाखची सेंट मॅथ्यू पॅशन ही मोठी गायन-रचना केली, बाखच्याच चर्चमध्ये.

आणि त्याच काळात तो दुसरं एक काम करत होता. हाइनरिष ब्लूमनर नावाच्या एका न्यायाधिकाऱ्याने मृत्युपत्रात २०,००० थालर (तिथलं तेव्हाचं चलन) कला-शास्त्रासाठी ठेवले होते आणि ते कशावर खर्चायचे हे सॅक्सनीच्या राजाने ठरवायचं होतं. मेंडेलसोहनने १८४० मध्ये दरबारी पत्र लिहिलं की या पैशातून लाइपझिगमध्ये संगीतशाळा काढा. आजच्या भाषेत ग्रँट प्रपोजल. ते मान्य झालं. कॉन्झर्व्हेटरी १८४३ च्या एप्रिलच्या सुरुवातीला उघडली आणि बाखच्या स्मारकाचं अनावरण त्याच महिन्यात, २३ तारखेला. एक दगड, एक शाळा. स्मारक अजून आहे, थॉमस चर्चजवळच्या बागेत, आम्ही जाऊन बघितलं, छोटं आणि सुंदर आहे. पण शाळेतून तेव्हापासून किती वादक बाहेर पडले असतील ते मोजायला मला बसायला आवडेल.

सर स्मारकासमोर उभं राहून म्हणाले, "दगडावर नाव राहतं पण." मी म्हटलं, "हो, राहतं." यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. नाव राहावंसं वाटण्यात मला काही कमीपणा दिसत नाही, कोणाला नाही वाटत.

दिवस पाचवा, बर्लिन

बर्लिनला एकच दिवस, त्यातही अर्धा पावसात. फिलहार्मोनी, हान्स शारूनची इमारत, १९६३ ची, स्टेज मधे आणि प्रेक्षक चारी बाजूंनी द्राक्षमळ्याच्या उतारांसारखे वर चढत गेलेले. व्हिएन्नाच्या खोक्यानंतर हे बघितलं की हॉल म्हणजे काय हे पुन्हा पहिल्यापासून शिकल्यासारखं वाटतं. आमच्या जागा स्टेजच्या मागे होत्या, कंडक्टरचा चेहरा समोर, आणि व्हायोलांच्या पाठी इतक्या जवळ की पानावरच्या पेन्सिलच्या खुणा दिसत होत्या.

या ऑर्केस्ट्राचा जन्म भांडणातून झाला. १८८२ मध्ये बेन्यामिन बिल्झेच्या ऑर्केस्ट्रातले ५४ वादक बाहेर पडले, वॉर्साच्या दौऱ्याला त्याने चौथ्या वर्गाच्या डब्यातून न्यायचं ठरवलं हे शेवटचं कारण. स्वतःच स्वतःचे मालक झाले आणि वाजवायला जागा मिळाली ती एक स्केटिंगचा हॉल. सुरुवातीची वर्षं पैशाच्या ओढाताणीची होती, मग हेर्मान वोल्फ नावाच्या कॉन्सर्ट एजंटने व्यवहार हातात घेतला आणि हान्स फॉन ब्यूलोला कंडक्टर म्हणून आणलं. हॉलच्या आणि कंडक्टरच्या गोष्टी सगळे सांगतात, वोल्फची कोणी सांगत नाही, मला तो आमचाच माणूस वाटतो.

रात्री हॉटेलवर येऊन दिवसाच्या नोट्स लिहिल्या. प्रत्येक भेटीनंतर लिहायच्या असतात, कोण काय म्हणालं, कशाने डोळे चमकले, कशाचा कंटाळा आला. काकूंच्या पानावर लिहिलं, "ताईच्या पाठीकडे बघत होत्या, सोलोइस्टकडे नाही."

दिवस सहावा, हॅम्बर्ग

सकाळी एल्बफिलहार्मोनी. जुन्या गोदामावर काचेची लाट ठेवल्यासारखी इमारत, वर जायला ८२ मीटर लांबीचा वाकडा एस्कलेटर, वरून बंदर दिसतं. आत भिंतीवर दहा हजार पॅनेल्स, एकासारखं दुसरं नाही, प्रत्येकाचे खड्डे आवाजाच्या हिशोबाने कोरलेले. शहराचा वाटा सुरुवातीला ७७ मिलियन युरो धरला होता, २०१७ मध्ये दार उघडलं तेव्हा ७८९ मिलियनवर गेला होता. वर्षानुवर्षं लोक चिडलेले होते. आता तिथे गर्दी बघा, कॉन्सर्टचं तिकीट नसलेले लोकसुद्धा वरच्या गच्चीवर वारा खात उभे. इमारतीसाठी माणसं शेवटी माफ करतात, हे मी बघितलं. वादकांच्या पगारासाठी एवढी माफी मिळाली असती का हा प्रश्न मात्र दिवसभर डोक्यातून गेला नाही.

दुपारी लाइसहाले, शहरातला जुना हॉल, १९०८ चा. कार्ल हाइनरिष लाइस हा जहाजमालक, त्याने मृत्युपत्रात १२ लाख मार्क ठेवले, शहराला संगीतासाठी साजेसा हॉल व्हावा म्हणून. १९०१ मध्ये तो गेला, हॉल त्याने बघितलाच नाही. मधली कित्येक वर्षं हॉलला नुसतं म्युझिकहाले म्हणत होते, २००५ मध्ये लाइसचं नाव पुन्हा दारावर आलं.

मृत्युपत्राचा विषय हा माझ्या कामातला सगळ्यात नाजूक भाग. मी तो स्वतःहून कधीच एकट्या माणसापुढे काढत नाही, कार्यक्रमाच्या पुस्तिकेत दोन ओळी असतात, ज्याला विचारायचं तो विचारतो. पायऱ्यांवर बसल्यावर काकूंनीच विचारलं, "माझ्यामागे पैसे मिळाले तर तुम्हाला कळणार कसं की मी ते कशासाठी ठेवले?" मी सांगितलं, आधी तुमच्या वकिलांशी बोला, मग घरच्यांशी, आमच्याशी सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो फार बारीक अटी घालू नका, वीस वर्षांनी ती गोष्टच उरलेली नसेल तर पैसे अडकून बसतात. त्या म्हणाल्या, "पण मला जिवंतपणी बघायचंय ना. लाइसला नाही मिळालं बघायला." आणि मग माझ्या बॅगेकडे बोट केलं, "तो कागद आहे ना तुझ्याकडे, चार दिवस घेऊन फिरतेयस."

व्हायोलाची शेवटच्या डेस्कची खुर्ची. नाव कोणाचं लावायचं विचारलं तर म्हणाल्या माझं नको, नुसतं एवढं लिहा, मागे उभं राहून ऐकणाऱ्यांकडून. त्याच रात्री मी त्यांना दोन ओळींचं पत्र लिहून त्यांच्या खोलीच्या दाराखालून सरकवलं. ताईला दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः सांगितलं, मी तेव्हा मुद्दाम लांब गेले.

दिवस सातवा, अ‍ॅम्स्टरडॅम

ट्रेनमधून उतरून थेट कॉन्सर्टखेबाऊ. १८८१ मध्ये सहा नागरिकांनी ठरवलं की शहराला चांगला हॉल हवा, १८८८ च्या एप्रिलमध्ये तो उघडला, ऑर्केस्ट्राची पहिली कॉन्सर्ट त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. सज्ज्यांच्या कठड्यांवर संगीतकारांची नावं, स्टेजच्या मागे उंच जिना, कंडक्टरला सगळ्यांच्या नजरेसमोर पायरी पायरीने खाली यावं लागतं.

पण मला सगळ्यांना दाखवायचं होतं ते दिसणारच नव्हतं. हा सगळा डोलारा दलदलीच्या जमिनीत ठोकलेल्या २१८६ लाकडी खांबांवर उभा केला होता, एकेक खांब १२-१३ मीटर लांब. १९८३ च्या सुमारास कळलं की इमारत खचतेय, भिंतींना तडे जातायत, खालचं लाकूड कुजत चाललंय. शंभराव्या वर्षाच्या तोंडावर. मग पैसे उभे करायची मोठी मोहीम निघाली, आणि १९८५ पासून खाली नवे काँक्रीटचे खांब घालायचं काम सुरू झालं, वर कॉन्सर्ट चालू ठेवून. विचार करा, वर ब्रूकनरची सिंफनी चाललीय आणि पायाखाली माणसं खांब बदलतायत. आणि त्या खांबांसाठी ज्यांनी पैसे दिले त्यांना दाखवायला काय मिळालं, तर इमारत होती तशीच. कालच्यासारखीच. तडे न वाढलेली.

सरांनी जमिनीवर पाय ठेवून जरा दाबून बघितलं, लहान मुलं करतात तसं. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचे खांब कुठले?"

मी यासाठी तयार नव्हते. प्रेझेंटेशन होतं ते नवीन रचनेच्या कमिशनचं, सरांसाठी खास केलेलं, सुंदर फोटो घालून. ते काढलंच नाही. जे डोक्यात आलं ते सांगितलं, वादकांचा पेन्शन फंड, तो कमी पडतोय. लायब्ररीयन एकटी आहे, तिला मदतनीस हवा, ती आजारी पडली की रिहर्सलला पार्ट्स वेळेवर मिळत नाहीत. डबल बास घेऊन जायला धड पेट्या नाहीत, दोन वादक आपापल्या गाड्यांतून बास आणतात. रिहर्सल रूममध्ये दमट हवा आहे, त्याने लाकडी वाद्यांचे सांधे सुटतात. शाळांमध्ये जे चौघं वाजवायला जातात त्यांना त्या दिवसाचे वेगळे पैसे मिळत नाहीत, तरी जातात.

सर म्हणाले, "यातलं एक पण तू मला आधी सांगितलं नाहीस."

"तुम्हाला आवडणार नाही वाटलं."

"एक पान लिहून पाठव. फोटो घालू नकोस."

परतीच्या विमानात सगळे झोपले होते. ताई शेजारी होती, मांडीवर हात ठेवून बोटं हलवत होती, डावा हात, कुठलातरी पॅसेज. मी लॅपटॉप उघडला आणि पानाच्या वर लिहिलं, पेन्शन फंड, मग ते खोडून पहिल्या ओळीत लायब्ररीयनला घेतलं, कारण पार्ट्स स्टँडवर आले नाहीत तर बाकी काहीच सुरू होत नाही.